जुन्या फायबरग्लास ड्रमसेटची दुरुस्ती आणि जुळणी

आपण जे विचारले आहे ते थोडक्यात असे. वसईला आपल्या मामांच्या घरी, माळ्यावर, पर्ल कंपनीचा जुना ड्रमसेट सुट्या भागांत सापडला. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका नातेवाइकाने तो 1970 च्या दशकात जपानहून आणला होता आणि मामांनी तो पुढे पंधरा-वीस वर्षे लग्नाच्या बँडमध्ये वाजवला. 22 इंची बेस ड्रम, त्यावर बसणारे 12 आणि 13 इंची दोन टॉम, जमिनीवर उभा राहणारा 16 इंची फ्लोअर टॉम आणि खाली तारा असलेला 14 इंची स्नेअर एवढे ड्रम आहेत. शेल, म्हणजे ड्रमची पोकळ गोल चौकट, आतून फायबरचे दिसतात, बाहेर काळे आवरण आहे आणि फ्लोअर टॉमवर ते जोडापाशी सुटले आहे. बेस ड्रमला टॉम-होल्डरच्या, म्हणजे टॉम धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या, भोकापासून आतल्या बाजूने तडा गेला आहे आणि लोखंडी सामानाला गंज चढला आहे. आवरण काढून सेट रंगवून घ्यावा का, शेलच्या कडा नव्याने कापून घ्याव्यात का आणि आधुनिक होल्डरसाठी नवी भोके पाडावीत का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

तिन्ही प्रश्नांना माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याची कारणे पुढे कामाच्या ओघात येतील. गेली 25 वर्षे मी जुने ड्रम दुरुस्त करतो आहे. या काळात माझ्याकडे आलेल्या फायबरच्या शेलांपैकी काळाने बिघडलेले शेल थोडे होते आणि मधल्या दुरुस्त्यांनी बिघडलेले पुष्कळ. फायबरग्लास कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि पावसाळ्यात ते लाकडासारखे फुगत नाही. वसईसारख्या खाऱ्या, दमट हवेत हा सेट इतकी वर्षे टिकला तो त्यामुळेच. मात्र चुकीच्या ठिकाणी कापलेले किंवा घासलेले फायबर पूर्ववत करणे फार कठीण असते.

प्रथम शेल नेमके कशाचे आहेत ते ठरवावे लागेल. फायबरग्लासचे ड्रम बनवण्याचा प्रयत्न 1960 च्या दशकात न्यूयॉर्कच्या फाइब्स कंपनीने गांभीर्याने केला. बडी रिच यांच्यासारख्या वादकाने तिचा स्नेअर वापरल्यामुळे या द्रव्याकडे लोकांचे लक्ष गेले, आणि 1970 मध्ये मार्टिन या प्रसिद्ध गिटार कंपनीने फाइब्स विकत घेतली. पुढे कॅलिफोर्नियात ब्लेमायर यांचे फायबरचे शेल निघाले, रॉजर नॉर्थ यांनी तर कर्ण्यासारखे पुढे वळलेले शेल याच द्रव्यात घडवले. जपानमध्ये पर्लने त्या दशकात दोन प्रकारचे शेल वापरले : एक पूर्ण फायबरग्लासचे आणि दुसरे पातळ लाकडाच्या शेलला आतून फायबरग्लासचा थर दिलेले. आतून दोन्ही सारखेच दिसतात आणि नेमकी येथेच फसगत होते. हेड (ज्यावर वाजवतात तो पडदा) आणि हूप (तो दाबून धरणारे कडे) काढून शेलची उघडी कड भिंगाखाली पाहावी. बाहेरच्या बाजूला तपकिरी लाकडाचा थर दिसला, तर तो मिश्र शेल आहे. त्याला ओल्या घासकामापासून जपावे लागते, कारण पाणी त्या कडेतूनच लाकडात शिरते. कड सर्वत्र एकाच रंगाची, किंचित पारदर्शक आणि मध्ये काचेचे तंतू दाखवणारी असेल, तर शेल पूर्ण फायबरचे आहे. पाचही ड्रम एकाच प्रकारचे असतील असे गृहीत धरू नये. स्नेअर पुष्कळदा वेगळा, धातूचा असतो.

ओळख पटली की सुटे करण्याच्या कामाला लागावे, पण त्याआधी प्रत्येक ड्रमचे चारही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. लग (शेलवर बसवलेले, हूपचे बोल्ट ज्यांत फिरतात ते धातूचे तुकडे), होल्डर आणि आतले मफलर (आवाज दाबणारे भाग) जेथून निघतील तेथे आतल्या बाजूला कागदी टेप लावून क्रमांक लिहावा. प्रत्येक लगचे स्क्रू त्याच क्रमांकाच्या छोट्या पिशवीत ठेवावेत. जुन्या सेटमध्ये भोके हाताने पाडलेली असल्यासारखी थोडी मागेपुढे असतात. एका जागचा लग दुसरीकडे बसवताना स्क्रू तिरका शिरतो आणि फायबरवर नको तेथे दाब येतो. बॅज, म्हणजे कंपनीच्या नावाची पट्टी, मात्र काढू नये. त्याची मधली कडी एकदा उलगडली की पुन्हा तशी बसत नाही.

शेल धुण्यासाठी कोमट पाणी, भांड्यांचे सौम्य साबणद्रव्य आणि मऊ फडके एवढे पुरे. आतला उघडा फायबर खरखरीत असतो. तो कोरडा घासल्यास काचेची बारीक कुसळे हातात जातात, म्हणून रबरी हातमोजे घालावेत आणि ओल्या ब्रशनेच काम करावे. थिनर किंवा अॅसिटोन बाहेरच्या आवरणाला अजिबात लावू नये, कारण प्लॅस्टिकची चमक क्षणात जाते आणि ती परत येत नाही. धुतल्यानंतर शेल सावलीत वाळवावा. उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवलेला मोकळा शेल तापतो, आणि हूप नसताना तापलेले पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे काचेचे तंतू बांधून ठेवणारे द्रव्य, आपल्याच वजनाने हळूहळू अंडाकृती होऊ शकते.

आता तड्याकडे वळू, कारण या सेटमधील खरे काम तेच आहे. त्या काळातील पर्लचा टॉम-होल्डर म्हणजे जाड नळी. ती शेलच्या मोठ्या भोकातून आत शिरते आणि दोन टॉमांचे सगळे वजन, शिवाय वाजवताना बसणारे हादरे, त्या भोकाच्या काठावर येतात. मिरवणुकीत किंवा टेम्पोत टॉम न काढता सेट नेला असेल, तर तडा तेथूनच सुरू होतो. तो किती लांब आहे हे डोळ्यांना दिसते त्यावर ठरवू नये. पाच रुपयांच्या नाण्याच्या कडेने आतून हलके ठोकत भोकापासून बाहेर जावे. निरोगी फायबर खणखणीत, नेमका आवाज देते, आणि जेथे थर एकमेकांपासून सुटले आहेत तेथे आवाज बद्द होतो. त्या सीमारेषेवर पेन्सिलीने खूण करावी. माझ्या अनुभवात खुणेची रेषा दिसणाऱ्या तड्याच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे जाते.

ही दुरुस्ती पूर्णपणे आतून करता येते, त्यामुळे बाहेरचे आवरण काढण्याची गरज उरत नाही. मूळ शेल पॉलिएस्टर रेझिनचा असला तरी दुरुस्तीसाठी मी इपॉक्सी हे दुसऱ्या प्रकारचे रेझिनच वापरतो. जुन्या, पूर्ण कडक झालेल्या पॉलिएस्टरवर नवे पॉलिएस्टर जेमतेम धरते, इपॉक्सी मात्र घट्ट चिकटते. इपॉक्सीबरोबर विणलेले ग्लास क्लॉथ घ्यावे. बाजारात सर्रास मिळणारे चटईसारखे मॅट घेऊ नये, कारण त्यातील तंतू बांधणारे द्रव्य पॉलिएस्टरमध्ये विरघळण्यासाठी बनवलेले असते आणि इपॉक्सीत ते मॅट नीट भिजत नाही. कोकण किनाऱ्यावर फायबरच्या होड्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर जागोजागी आहेत. हे सामान त्यांच्याकडे किंवा त्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात सहज मिळते. कोणी पॉलिएस्टरनेच काम करण्याचा आग्रह धरला, तर एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : पॉलिएस्टर कडक होण्यासाठी त्यात घालतात ते हार्डनर आणि कोबाल्ट हे दोन द्रव कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, ते पेट घेतात. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच हार्डनर घालतात. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल हवाच.

खुणेच्या आतील भाग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून तड्याच्या रेषेवर उथळ द्रोणासारखा खड्डा करावा. तो मध्ये शेलच्या साधारण निम्म्या जाडीइतका खोल आणि बाजूंना 30 ते 40 मिलिमीटरपर्यंत उतरता असावा. होडीच्या कामात जाडीच्या बारा पट उतार ठेवतात, ड्रमवर तेवढा भार नसतो. तड्याचे टोक या उताराच्या पूर्ण आत आले पाहिजे. हे घासताना एन-95 मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि शेजारी चालू व्हॅक्यूम हवा. काम संपल्यावर हात आधी थंड पाण्याने धुवावेत, नाहीतर अंगाला सुटलेली खाज दोन दिवस जात नाही. त्यानंतर घासलेली जागा अॅसिटोनने एकदाच पुसावी आणि मग तिला बोटही लावू नये.

रेझिन कालवण्यापूर्वी शेलची गोलाई बांधून घेणे हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि तो मी नुकसान सोसून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एक फ्लोअर टॉम मी आडवा ठेवून दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी ठिगळ उत्तम बसले होते, पण शेल त्याच अवस्थेत अंडाकृती होऊन कडक झाला होता. एका दिशेने व्यास 4 मिलिमीटर कमी भरला, हेड बसेना, आणि सगळे ठिगळ खरवडून काढावे लागले. तेव्हापासून मी शेलच्या पलीकडच्या तोंडाला जुने हेड आणि हूप लावून बोल्ट हलके आवळतो. अलीकडचे तोंड हात घालण्यासाठी मोकळे ठेवतो आणि त्याचा व्यास चार दिशांनी मोजतो. जेथे तो कमी भरतो तेथे नेमक्या लांबीची लाकडी पट्टी आतून अडकवतो. चारही मापांतील फरक दीड मिलिमीटरच्या आत आला की मगच इपॉक्सी कालवतो.

इपॉक्सी आणि तिचा हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच, काट्यावर तोलून घ्यावेत. लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवण्याची सवय पॉलिएस्टरच्या कामातून येते. इपॉक्सीत त्याने काम कायमचे मऊ राहते. आधी नुसत्या इपॉक्सीचा पातळ हात द्यावा, मग 200 ग्रॅम वजनाच्या कापडाचे तीन तुकडे, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा, एकावर एक बसवून ब्रशच्या टोकाने टोचत हवा काढावी. कापड पांढरे दिसत असेल तर ते कोरडे आहे, काचेसारखे पारदर्शक झाले की भिजले. वरून जाड पॉलिथीन ताणून लावले की पृष्ठभाग गुळगुळीत येतो. 24 तासांनी पॉलिथीन काढता येते, पण होल्डर बसवून वजन देण्यासाठी पूर्ण आठवडा थांबावे.

कडांविषयी आपण विचारले आहे. कड म्हणजे शेलचा तो काठ, ज्यावर हेड टेकते. लाकडी ड्रमच्या कडा नव्याने कापून घेण्याची पद्धत रूढ आहे, पण फायबरच्या बाबतीत तो सल्ला मी सहसा देत नाही. काचेचे तंतू साध्या कटरची धार काही क्षणांत घालवतात, बोथट कटर कड कापण्याऐवजी तिचे कपचे काढतो, आणि मूळ कडेवर रेझिनची जी बंद त्वचा असते ती गेली की तंतू उघडे पडतात. शिवाय या ड्रमचा मूळ आवाज त्या कडेच्या आकारात आहे. म्हणून कड कापण्याआधी मोजावी. किमान 10 मिलिमीटर जाडीची दोन फूट बाय दोन फूट काच टेबलावर ठेवावी, तिच्यावर शेल उपडा ठेवावा, खोलीत अंधार करून शेलच्या आत दिवा लावावा आणि काठाभोवती डोळा फिरवावा. प्रकाशाची फट दिसेल तेथे झेरॉक्सचा साधा कागद सरकवून पाहावा. त्याची जाडी सुमारे 0.1 मिलिमीटर असते. एक कागद अडकत जात असेल तर काहीही करू नये, हेड तेवढे सांभाळून घेते. दोनपेक्षा जास्त कागद सैल जात असतील, तर त्याच काचेवर 220 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, उंच भागांवर पेन्सिलीने रेघा ओढून, शेल गोल फिरवत घासावा आणि दर दहा फेऱ्यांनी पुन्हा प्रकाशात पाहावा. सगळीकडच्या रेघा पुसल्या गेल्या की तेथेच थांबावे, 400 च्या पेपरने हलका हात फिरवावा आणि उघड्या तंतूंवर इपॉक्सीचे बोट ओढून कड बंद करावी. कपचा उडाला असेल तेथे इपॉक्सीत काचेची भुकटी कालवून भरावे. मोटारीच्या डेंटिंगची लांबी (पुटी) येथे वापरू नये. हेडच्या ताणाखाली ती फुटून गळते.

आवरण काढून रंगवण्याला माझा विरोध का, तेही येथेच सांगतो. हेड शेलवर मोकळे सरकले पाहिजे, म्हणून शेलचा बाहेरचा व्यास नाममात्र मापापेक्षा थोडा, सुमारे 3 मिलिमीटर, कमी ठेवलेला असतो. त्या हिशेबात आवरणाची जाडी आधीच धरलेली असते. प्रायमर, लांबी, रंग आणि लॅकर यांचे जाड थर त्या जागेत बसत नाहीत. एका सुंदर सेटवर मोटारीच्या रंगशाळेने असे थर चढवलेले मी पाहिले आहेत. हेड हाताने बसेना, बोल्ट आवळल्यावर ते एका बाजूला चिकटून राही, आणि ड्रम कधीच सुरात आला नाही. आवरण ओढून काढताना त्याच्याबरोबर फायबरचा वरचा थर निघण्याचीही भीती असते. आपल्या फ्लोअर टॉमचा सुटलेला जोड मात्र अवश्य चिकटवावा. जुना डिंक लाकडी पट्टीने खरवडून, रेक्झिन चिकटवण्यासाठी वापरतात तो रबरी डिंक दोन्ही बाजूंना पातळ लावून, तो बोटाला न चिकटण्याइतका सुकू द्यावा आणि मग जोड दाबून रुंद पट्ट्यांनी रात्रभर बांधावा. आधी आवरणाच्या आतल्या कोपऱ्यावर डिंकाचा एक थेंब लावून प्लॅस्टिक विरघळत नाही ना ते पाहून घ्यावे. आवरण वळवण्यासाठी हेअर ड्रायरची ऊब पुरते. हीट गन नको.

धातूच्या सामानात लोहचुंबक हा पहिला परीक्षक आहे. हूप आणि बोल्ट पोलादी असल्याने चुंबकाला चिकटतील. ते रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून पितळी ब्रशने घासावेत आणि क्रोमवरचे गंजाचे ठिपके ओल्या अॅल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने हलक्या हाताने काढावेत. लग मात्र बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात आणि त्यांना चुंबक चिकटत नाही. चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा पितांबरीसारखी पितळेची पावडर हे घरगुती उपाय लगवर करू नयेत. आम्ल क्रोमच्या बारीक छिद्रांतून आत जाऊन जस्त खाते आणि महिन्याभरात फोड येतात. लगसाठी साबणपाणी, जुना टूथब्रश आणि शेवटी मोटारीचे मेण, एवढेच करावे. खाऱ्या हवेत हा मेणाचा हात दर पावसाळ्यापूर्वी द्यावा.

हरवलेले बोल्ट घेताना आटे जुळवून घ्यावेत. बहुतेक अमेरिकी आणि बऱ्याच जपानी ड्रमांवर 12-24 हे माप असते, म्हणजे जाडी साडेपाच मिलिमीटरच्या किंचित आत आणि इंचाला 24 आटे. काही ड्रमांवर 5 किंवा 6 मिलिमीटरचे मेट्रिक बोल्ट असतात. आपला एक चांगला जुना बोल्ट दुकानात न्यावा, आणि नवा बोल्ट लगच्या नटात बोटांनी शेवटपर्यंत गेला तरच घ्यावा. चावीने जोर लावून घुसवलेला बोल्ट नटाचे आटे खातो, आणि तो जुना नट बदलून मिळणे अवघड आहे. याच वेळी प्रत्येक लग हलवून पाहावा. आतली स्प्रिंग खुळखुळत असेल तर तिच्याभोवती नमद्याची छोटी पट्टी गुंडाळावी. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणारी अर्धी किणकिण या स्प्रिंगांची असते.

जुळणीत घाई करू नये आणि विजेचा स्क्रूड्रायव्हर तर मुळीच वापरू नये. प्रत्येक लगच्या स्क्रूखाली आतून रुंद वॉशर घालावा. स्क्रू हाताने टेकल्यानंतर पाव फेरा, एवढाच ताण फायबरला पुरतो. त्याहून जास्त आवळल्यास भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे उमटतात. टॉम-होल्डर मूळ भोकातच बसवावा. आधुनिक होल्डरसाठी नवे भोक पाडले की आधीच कमजोर असलेल्या त्या भागात दुसरी कमजोर जागा तयार होते. त्याऐवजी होल्डरच्या पट्टीखाली बाहेरून सायकलच्या ट्यूबचे रबर कापून घालावे आणि आतून दोन मिलिमीटर जाडीची, शेलच्या गोलाईप्रमाणे वळवलेली अॅल्युमिनियमची पट्टी द्यावी. आपल्या दुरुस्तीची पूर्ण लांबी त्या पट्टीखाली आली पाहिजे. प्रवासात टॉम नेहमी उतरवून ठेवावेत.

हेडच्या निवडीत माझी आवड स्पष्ट आहे. फायबरचा शेल आवाज फारसा शोषत नाही. त्यामुळे ठोक्याची सुरुवात तेजस्वी आणि गुंजन लांब असते, आणि पारदर्शक पातळ हेड लावल्यास ते कानाला बोचते. टॉमांना वरून पांढरा थर दिलेले एकपदरी, 10 मिल म्हणजे पाव मिलिमीटर जाडीचे हेड लावावे आणि खाली त्याच जाडीचे पारदर्शक. स्नेअरच्या खालचे हेड मात्र खास स्नेअरसाठी बनवलेले, 3 मिलचेच हवे. बेस ड्रमचे पुढचे जुने हेड पर्लच्या अक्षरांसह शाबूत असेल, तर त्याला भोक न पाडता तेच लावावे.

सर्व बोल्ट बोटांनी टेकेपर्यंत फिरवून मग समोरासमोरच्या जोड्यांनी अर्धा-अर्धा फेरा द्यावा, आणि प्रत्येक बोल्टपासून दोन बोटे आत काडीने हलके वाजवून सूर मिळवावा. टॉमच्या खालच्या हेडचा सूर वरच्यापेक्षा थोडा चढा ठेवला की या शेलांचे गुंजन आटोपशीर होते. नवे हेड दोन दिवसांत उतरते, तेव्हा पुन्हा सूर लावावा. महिनाभर वाजवल्यानंतर एकदा बेस ड्रमचे मागचे हेड काढून लगचे स्क्रू हाताने तपासावेत आणि टॉर्च तिरपा धरून दुरुस्तीची जागा पाहावी. ठिगळाच्या काठाला पांढरट रेघ दिसली, तर कापड तेथे सुटू लागले आहे असे समजावे, आणि तो भाग घासून पुन्हा थर देईपर्यंत होल्डरवर टॉम लावू नयेत.